गावच्या चर्चमधली स्मारक-खिडकी उतरवून पुन्हा बसवताना

इंग्लंडमध्ये गावच्या चर्चच्या कमिटीवर असलेल्या, किंवा उद्या ते काम अंगावर येऊ शकेल अशा मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे. आमच्या नॉरफोकमधल्या लहानशा गावातल्या चर्चची पहिल्या महायुद्धाची स्मारक-खिडकी आम्ही २०२२ ते २०२४ या काळात दुरुस्त करून घेतली. काम काचेचं होतं, पण वेळ घेतला कागदांनी. कुठला कागद कधी लागतो हे एकदा कळलं की निम्मी धास्ती जाते, म्हणून घडलं त्याच क्रमाने सांगते.

मी मूळची नगरची, घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. नर्स म्हणून इकडे आले आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं या गावात स्थायिक झालो. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या जगभरच्या परिवारात असल्यामुळे इथल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्च-विभागाच्या यादीत नाव घालायला काही अडचण आली नाही. पुढे पीसीसीवर, म्हणजे पॅरिशच्या कार्यकारी मंडळावर घेतलं, मग चर्चवॉर्डन केलं. इमारतीची देखभाल पीसीसीकडे असते, पण तिची पाहणी करून पीसीसीला कळवणं वॉर्डनचं काम.

खिडकी १९२० सालची, दक्षिणेच्या भिंतीत. दगडी चौकटीत तीन उभे भाग आहेत. मधे संत जॉर्ज, डावीकडे देवदूत मीखाएल, उजवीकडे आपला झगा फाडून भिकाऱ्याला देणारा संत मार्टिन. तळाशी ‘मरेपर्यंत विश्वासू राहा’ हे प्रकटीकरणातलं वचन आणि त्याखाली गावातल्या चौदा जणांची नावं. युद्धात पडलेल्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत असं ब्रिटिश सरकारने १९१५ मध्येच ठरवलं होतं. बहुतेक घरांना जवळपास कबर मिळालीच नाही, कुठे जाऊन फूल ठेवणार? ती जागा या काचांनी घेतली. म्हणूनच १९१९-२० मध्ये गावोगावच्या चर्चमधून अशा स्मारकांच्या अर्जांचा पूर आला.

सुरुवात झाली मे २०२२ मध्ये. इथे दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून चर्चची तपासणी करून घ्यावीच लागते. त्या अहवालात आमच्या खिडकीपुढे ‘दीड वर्षाच्या आत’ असा शेरा आला. मधला भाग आत फुगला होता. शिशाच्या पट्ट्या झाळलेल्या सांध्यांपाशी तडकल्या होत्या आणि काच तोलून धरणाऱ्या आडव्या लोखंडी सळ्या गंजून फुगल्याने दगडाच्या कडा फुटत होत्या. अशा खिडक्यांमध्ये शिसं शंभर-सव्वाशे वर्षं साथ देतं, मग थकतं. काच मात्र आणखी कित्येक शतकं राहू शकते. शिसं बदलायचं असतं आणि काच जपायची असते, हे तेव्हाच मनात पक्कं बसलं, आणि पुढच्या प्रत्येक वादात तेच कामी आलं.

पीसीसीच्या बैठकीत छपराचा प्रश्न निघणारच होता. उत्तरेकडचं छप्पर गळतंय आणि आपण खिडकीवर खर्च करायचा का? प्रश्न रास्त होता. आमच्या रेक्टरबाईंनी, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूंनी मार्ग काढला: छपराचं काम वेगळ्या खात्यातून सुरू ठेवायचं आणि खिडकीसाठी एक पैसाही चर्चच्या रोजच्या खर्चातून घ्यायचा नाही. तसा ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला. हा ठराव पुढे प्रत्येक अर्जाला जोडावा लागतो, तेव्हा त्याची भाषा नेमकी असू द्या: कुठली खिडकी, कुठलं काम, कुठल्या अंदाजपत्रकानुसार.

आता परवानगीबद्दल. आमचं चर्च पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे, पण चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतींना आतल्या-बाहेरच्या बदलांसाठी कौन्सिलची वारसा-परवानगी लागत नाही. त्याऐवजी चर्चची स्वतःची न्यायव्यवस्था आहे. डायोसीसचं, म्हणजे बिशपच्या कार्यक्षेत्राचं कन्सिस्टरी कोर्ट असतं, त्याचा न्यायाधीश म्हणजे चॅन्सेलर. तो जी परवानगी देतो तिला ‘फॅकल्टी’ म्हणतात. त्याला सल्ला देणारी समिती म्हणजे डीएसी. किरकोळ कामांच्या दोन याद्या आहेत. ‘अ’ यादीतल्या कामाला विचारावं लागत नाही, ‘ब’ यादीतल्याला आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्मगुरूची लेखी संमती पुरते. रंगीत काच उतरवून नव्या शिशात बसवायची तर पूर्ण फॅकल्टीच लागते. तिच्याशिवाय एक तुकडाही हलवला तर काम बेकायदा ठरतं.

सगळ्यात उपयोगाचा सल्ला मला शेजारच्या पॅरिशच्या वॉर्डनने दिला: अर्ज भरायच्या आधी डीएसीच्या सचिवांना फोन कर, तज्ज्ञांना येऊन बघायला सांग. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांचे काचतज्ज्ञ आले. आरशाने आणि बॅटरीने तासभर खिडकी न्याहाळली आणि सांगून गेले, ‘आधी मान्यताप्राप्त संवर्धकाकडून अवस्थेचा अहवाल घ्या. त्याशिवाय कुणाचीही दरपत्रकं मागवू नका.’ असा अहवाल नसेल तर प्रत्येक कारागीर आपापल्या समजुतीने दर देतो आणि तुलना करायला काही उरत नाही. अहवालाचे ७८० पौंड लागले. ते ‘फ्रेंड्स’ या आमच्या गावातल्या निधीतून मिळाले. चर्चला न येणारे, कुठलाच धर्म न पाळणारे लोकही त्यात वर्गणी देतात, आपलं गाव म्हणून.

हिवाळा गेला कागद लिहिण्यात. दोन निवेदनं लागतात: वास्तूचं महत्त्व काय आणि कामाची गरज काय. पहिल्यासाठी मी काउंटीच्या अभिलेखागारात गेले. पेन्सिल सोडून काही आत न्यायचं नाही, कागद मऊ उशीवर ठेवून वाचायचे. तिथे १९१९ सालचं ग्रामसभेचं, म्हणजे व्हेस्ट्रीचं इतिवृत्त मिळालं. नावं कुठल्या क्रमाने लिहायची यावर त्या दिवशी बराच वेळ बोलणं झालेलं दिसतं. कुणीतरी हुद्द्यानुसार म्हणालं होतं. ठरलं ते मात्र आडनावांच्या अक्षरक्रमाने, कॅप्टन आणि शेतमजूर एकाच ओळीत. वाचताना मला फार बरं वाटलं.

चौदांपैकी एक जण नॉरफोक रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा शिपाई होता. मृत्यूचं ठिकाण मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. मी ती बटालियन शोधत गेले आणि थेट घरच्या वाटेवर येऊन पोचले. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ही बटालियन बेळगावला होती. सहाव्या पुणे डिव्हिजनची अठरावी ब्रिगेड, आणि त्याच ब्रिगेडमध्ये ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. त्याच डिव्हिजनमध्ये १०३वी मराठा आणि ११७वी मराठाही होती. डिसेंबर १९१५ मध्ये हे सगळे तिथल्या टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत शहरात वेढले गेले आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण गेले. सुमारे तेरा हजार जण कैद झाले. पकडलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि कामाच्या छावण्यांत मेले. आमच्या गावचा मुलगा त्यांतलाच.

त्याचं नाव बसऱ्याच्या स्मारकावर आहे, आणि आमच्या काचेतही. त्याच्याबरोबर उपाशी राहिलेल्या सातारा-रत्नागिरीच्या शिपायांची नावं मात्र त्या स्मारकावर कोरलेली नाहीत. हिंदी सैन्याच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांचे फक्त आकडे. ही स्मारकं आणि युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या आपल्या अहवालात या असमानतेची कबुली दिली आहे. आपल्याकडच्या गावांत ज्या संगमरवरी पाट्या लावल्या गेल्या त्यांवरही तेच: या गावातून इतके गेले, पैकी इतके परत आले नाहीत. हे सगळं मी महत्त्वाच्या निवेदनात एका परिच्छेदात लिहिलं. रेक्टरबाईंनी एक शब्दही कमी केला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अहवाल आला आणि तीन दरपत्रकं मागवली. व्हॅट सोडून १९,४००, २४,६५० आणि ३१,२०० पौंड. स्वस्तातल्या दरात तडकलेल्या सतरा काचा बदलून नव्या रंगवायच्या होत्या. मधल्यात त्याच काचा राळेने कडेला कड चिकटवून वाचवायच्या होत्या. आम्ही मधलं निवडलं. काच एकदा बदलली की चित्रकाराचा हात गेला, मग ती कितीही हुबेहूब असो. पीसीसीतल्या काहींना पाच हजारांचा फरक जड वाटत होता. अहवालातली त्या काचांची मोठी छायाचित्रं टेबलावर मांडल्यावर बोलणं सोपं झालं.

एवढ्यात वटवाघळांचा मुद्दा आला. नॉरफोकच्या चर्चमध्ये ती हमखास असतात आणि कायद्याने संरक्षित आहेत. पिल्लांच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळ्यात, त्यांच्या वस्तीजवळ परांची बांधता येत नाही. सर्वेक्षणही उन्हाळ्यातच करावं लागतं, बाहेर पडणारी वटवाघळं मोजायला संध्याकाळी तज्ज्ञ येऊन बसतात. त्याचे ५४० पौंड झाले आणि अर्ज पुढच्या शरद ऋतूत ढकलला गेला. तुमच्या चर्चमध्ये वटवाघळं असतील तर सर्वेक्षण पहिल्याच उन्हाळ्यात उरकून घ्या, एक अख्खं वर्ष वाचेल.

निधीसाठी वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही संस्था आहे. आधी छोटा प्राथमिक अर्ज करायचा, तो बसला तर मोठा. काम सुरू करून मग पैसे मागितले तर मिळत नाहीत, ही अट पहिल्या पानापासून ध्यानात ठेवावी. आम्हाला साधारण चौथा हिस्सा तिथून मिळाला. बाकी फ्रेंड्सचा निधी, एक मृत्युपत्रातली देणगी आणि गावातली वर्गणी. वर्गणीसाठी आम्ही मोठे कार्यक्रम केले नाहीत. प्रत्येक नावाखाली तो माणूस कुठे राहत होता ते लिहून कागद घरोघरी दिला. आपल्याच घरात शंभर वर्षांपूर्वी राहणाऱ्या मुलाचं नाव त्यात आहे हे कळल्यावर लोकांनी आपणहून दिलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये डीएसीच्या बैठकीत अर्ज आला. अर्ज सगळा ऑनलाइन भरतात. कागद बैठकीच्या काही आठवडे आधी पोचावे लागतात, ती तारीख चुकली की पुढची बैठक. चॅन्सेलर हे अर्ज पाहताना ‘डफील्ड’ खटल्यातले प्रश्न विचारतात: या बदलाने वास्तूच्या महत्त्वाला बाध येतो का, येत असेल तर किती गंभीर, आणि होणारा फायदा त्याहून मोठा आहे का. गरजेचं निवेदन लिहिताना हे प्रश्न समोर ठेवून लिहिलं तर वकील लागत नाही. समितीने कामाची शिफारस केली, एक बदल सुचवून: बाहेरची गंजलेली जाळी काढून तिथे काळा मुलामा दिलेली स्टेनलेस स्टीलची बसवावी, तीही दगडात नव्हे तर चुन्याच्या सांध्यांत.

मग जाहीर नोटीस. ती अठ्ठावीस दिवस चर्चच्या आत आणि बाहेर लावतात, हरकत असेल त्याने रजिस्ट्रीला, म्हणजे डायोसीसच्या कोर्टाच्या कार्यालयाला लिहायचं. तिसऱ्या आठवड्यात गावातले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे आले. चौदांतला एक त्यांच्या आजोबांचा भाऊ. खिडकीत त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, शंभर वर्षं चुकलेलं आहे, आता काच उतरतेच आहे तर दुरुस्त करा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी जन्मदाखला आणि रेजिमेंटचं पत्र सोबत आणलं होतं. माझा जीव तुटला. ज्या काचेचं सारं मोल नावांत आहे तिथे एक नाव चुकीचं राहू द्यायचं?

संवर्धकांशी बोललो, डीएसीला विचारलं. अक्षरं काचेवर लोहयुक्त रंगाने लिहून भट्टीत सहाशे अंशांच्या वर भाजलेली असतात. ती पुसता येत नाहीत, तुकडाच बदलावा लागतो. त्या तुकड्यावर आणखी दोन नावं होती, म्हणजे तीन नावांची मूळ काच जाणार होती. समितीचं म्हणणं होतं की १९२० चा कागदपत्रच आहे हा, त्याला हात लावू नये, बरोबर नाव शेजारी कायमचं नोंदवावं. मला ते पटलं, पण त्या गृहस्थांना पत्राने कळवणं मला बरं वाटेना. मी त्यांच्या घरी गेले, चहा झाला. त्यांनी विचारलं, ‘शेजारी म्हणजे कुठे?’ तेव्हा ठरलं की खिडकीखाली एक स्मरणवही ठेवायची, हाताने लिहिलेली, प्रत्येकाला एक पान, आणि पहिलं पान त्यांनी लिहायचं. त्यांनी रजिस्ट्रीकडे हरकत पाठवली नाही. वही ठेवायला आर्चडीकनची संमती घेतली.

जानेवारी २०२४ मध्ये फॅकल्टी आली. अटी होत्या: काम मान्यताप्राप्त संवर्धकाच्या देखरेखीखाली, वटवाघळांच्या मुदतीत, आधी-नंतरच्या छायाचित्रांसह, आणि विमा कंपनीला कळवून. आमच्या डायोसीसमध्ये पॅरिशच्या अर्जाची फी डायोसीसच भरतो. खासगी अर्जदाराला मात्र ती स्वतः भरावी लागते, तेव्हा आधी विचारून घ्या.

एप्रिलमध्ये, पिल्लांचे दिवस सुरू व्हायच्या आत, परांची चढली (२,९०० पौंड वेगळे) आणि काच उतरली. खिडकी एकसंध नसते, वरपासून खालपर्यंत चौकोनी पॅनल एकावर एक बसवलेले असतात. कडेचा चुना छिन्नीने हळूहळू कोरून काढतात, सळ्यांना बांधलेल्या तांब्याच्या तारा सोडतात आणि पॅनल दोघांनी मिळून उचलतात. प्रत्येकावर क्रमांक. मोकळ्या जागेत पारदर्शक पत्रे लावले. त्या उन्हाळ्यात चर्चच्या त्या बाजूला साधा पांढरा उजेड पडायचा, आणि लोकांना खिडकीची आठवण येऊ लागली.

जूनमध्ये कार्यशाळेत जाऊन पाहिलं. तुम्हीही नक्की जा, कारागीर आनंदाने दाखवतात. जुनं शिसं काढण्याआधी पॅनलवर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने घासतात, शिशाची प्रत्येक रेघ कागदावर उतरते. तोच पुढचा नकाशा. संत मार्टिनच्या गालावरून आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीतली शिशाची आडवी पट्टी गेली होती, चेहऱ्यावर टाके घालावेत तशी. कारागीरबाईंनी ती माझ्यासमोर सोडवली. खाली केसाएवढा तडा निघाला. दोन्ही कडा त्यांनी शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने साफ केल्या, तुकडे जुळवून उजेडाच्या टेबलावर ठेवले आणि राळ सुईने सोडली. ती तड्यातून आपोआप पसरत गेली आणि गाल अखंड झाला. मग भिकाऱ्याकडे वळलेली मार्टिनची नजर दिसली. त्या पट्टीमुळे तो इतकी वर्षं शून्यात बघतोय असं वाटायचं.

झग्याचा लाल रंग साध्या काचेवर लालाचा अगदी पातळ थर दिलेल्या काचेतून येतो. संतांच्या डोक्यामागच्या प्रभावळीचं पिवळं काचेच्या मागच्या बाजूला चांदीचा क्षार लावून भट्टीत भाजल्याने उमटतं, चौदाव्या शतकापासूनची रीत. नवं शिसं बसल्यावर फटींत जवसाचं तेल, खडूची पूड आणि काजळी यांची लांबी ब्रशने भरतात. ती वाळायला आठवडे लागतात. घाई करू नका.

ऑक्टोबरमध्ये खिडकी परत बसली आणि १० नोव्हेंबर २०२४ ला, स्मरण रविवारी, रेक्टरबाईंनी तिचं समर्पण केलं. चौदा नावं वाचली गेली, ते आडनाव बरोबर उच्चारासह. कूतच्या शिपायाच्या पानावर मी लिहिलं की तो बेळगावहून कुणाबरोबर निघाला होता, आणि ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव देवनागरीत लिहिलं. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या स्मारकांच्या नोंदवहीसाठीही ती माहिती पाठवली आहे.

दोघा-तिघांनी मला विचारलं, आईवडिलांच्या नावाने नवी खिडकी करता येईल का? येते, पण ते फार अवघड आहे. चर्चच्या भिंतीत एका व्यक्तीचं नवं स्मारक हा अपवाद मानला जातो. त्या व्यक्तीच्या सेवेत किंवा आयुष्यात असाधारण काय होतं हे दाखवावं लागतं, आणि कलेचा दर्जाही. केंटमधल्या टूडली गावात जाऊन या. १९६३ मध्ये बोट उलटून बुडालेल्या एकवीस वर्षांच्या सारा द’आविग्दोर-गोल्डस्मिडच्या स्मरणार्थ आईवडिलांनी प्रसिद्ध चित्रकार मार्क शगालकडून पूर्वेची खिडकी करून घेतली. ती १९६७ मध्ये बसली आणि पुढे शगालने त्या लहानशा चर्चच्या बाराही खिडक्या केल्या, शेवटच्या १९८५ मध्ये. मुंबईतल्यांना एवढं लांब जायला नको, कुलाब्याचं अफगाण चर्च आहे, तेही युद्धातल्या मृतांचंच स्मारक, काचचित्रकार विल्यम वेल्सच्या काचांसह.

काम संपल्यावरचे कागद विसरू नका. काम पूर्ण झाल्याचा दाखला रजिस्ट्रीला पाठवायचा. संवर्धकांच्या नोंदींच्या प्रती चर्चच्या लॉगबुकात, डीएसीकडे आणि काउंटीच्या अभिलेखागारात ठेवायच्या. व्हॅटसाठी संरक्षित प्रार्थनास्थळांची सरकारी परतावा योजना होती, त्यातून आमचा भरलेला व्हॅट परत आला. एप्रिल २०२५ पासून तिथे वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा आली, तेव्हा अंदाजपत्रक करतानाच त्या वेळचे नियम बघा. आमचा परतावा फेब्रुवारीत जमा झाला आणि पीसीसीने तो उत्तरेकडच्या छपराला दिला.